दीड तिकिटाचा माग: एसटीच्या सरकारी निधीचा हिशेब दाखवणाऱ्या सेवांचे परीक्षण

मागच्या महिन्यात आईला घेऊन मी एसटीने मावशीच्या गावी गेले. आईने वयाची 75 वर्षे ओलांडली आहेत, त्यामुळे वाहकाने यंत्रातून तिच्यासाठी शून्य रुपयांचे आणि माझ्यासाठी अर्ध्या दराचे तिकीट काढले. दोन आसने भरली, डिझेल जळले, चालक-वाहकांची कामगिरी झाली, आणि आम्हा दोघींकडून महामंडळाच्या हाती अर्ध्या तिकिटाची रोकड पडली. उरलेले दीड तिकीट राज्य सरकारच्या नावे लिहिले गेले. मी एका पतसंस्थेत बावीस वर्षे हिशेब लिहिले आहेत, त्यामुळे ‘नावे लिहिले’ या शब्दांपाशी माझे मन अडते. येणे कोणाकडून, किती आणि कधी, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत उतरल्याशिवाय आमच्याकडे दिवसाचा ताळा जमला असे कोणी म्हणत नसे.

ते दीड तिकीट सरकारने भरले का आणि भरले असेल तर कधी, एवढा एकच प्रश्न घेऊन मी शासनाने नागरिकांसाठी खुल्या ठेवलेल्या हिशेबाच्या सेवा एकेक करून वापरल्या. अर्थसंकल्पाची पुस्तके, वित्त विभागाच्या संगणकीय प्रणाली, शासन निर्णयांचे संकेतस्थळ, लेखापरीक्षणाचे अहवाल आणि माहितीचा अधिकार, या पाच सेवांचे हे परीक्षण आहे. बसची आसने, खिडक्या आणि वक्तशीरपणा यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ असले तरी तो वेगळा विषय आहे.

आधी व्यवहार नीट समजून घ्यावा लागतो. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली बस धावली, आणि रस्ते वाहतूक महामंडळ अधिनियम, 1950 मध्ये आला. या अधिनियमाचे कलम 22 सांगते की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वावर चालवावा. व्यापारी तत्त्व म्हणजे सवलत देणाऱ्याने सवलतीची किंमत मोजणे. म्हणूनच ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी, दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक अशा अनेक घटकांना 33 ते 100 टक्के सवलत जाहीर करताना शासन ‘सवलत मूल्याची प्रतिपूर्ती’, म्हणजे सवलतीपोटी न मिळालेले भाडे महामंडळाला भरून देण्याचे मान्य करते. 75 वर्षांवरील नागरिकांचा मोफत प्रवास 26 ऑगस्ट 2022 पासून सुरू झाला. महिलांच्या अर्ध्या तिकिटाची घोषणा 9 मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात झाली आणि 17 मार्च 2023 पासून ती लागू झाली. घोषणेपासून अंमलबजावणीपर्यंत अवघे आठ दिवस लागले, हे इथेच नोंदवून ठेवते, कारण पुढच्या साऱ्या शोधात आठ दिवस हे माप माझ्या डोक्यातून गेले नाही.

अर्थसंकल्पाची पुस्तके ही पहिली सेवा. ती वित्त विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि ज्याला लेखाशीर्षांची, म्हणजे सरकारी जमाखर्चाच्या खात्यांच्या क्रमांकांची, भाषा येते त्याला ती वाटतात तितकी रुक्ष नाहीत. ही भाषा शिकायला एक दुपार पुरते. प्रधान शीर्ष चार अंकी असते आणि त्याचा पहिला अंक पैशाची जात सांगतो: 0 किंवा 1 असेल तर जमा, 2 किंवा 3 असेल तर महसुली खर्च, 4 किंवा 5 असेल तर भांडवली खर्च आणि 6 किंवा 7 असेल तर कर्ज. रस्ते वाहतुकीचा महसुली खर्च 3055 खाली येतो, त्याच क्षेत्रातली भांडवली गुंतवणूक 5055 खाली आणि दिलेली कर्जे 7055 खाली. त्यामुळे ‘सरकारने एसटीला इतके कोटी दिले’ असे वाक्य कानावर पडले की पहिला प्रश्न शीर्षाचा विचारावा. 3055 मधून आलेली सवलतीची प्रतिपूर्ती ही महामंडळाने केलेल्या कामाची किंमत आहे, 5055 मधील रक्कम ही मालकाने धंद्यात घातलेले भांडवल आहे, आणि 7055 मधून आलेली रक्कम उद्या परत करायची आहे. सभेतल्या भाषणात मात्र या तिन्हींना ‘मदत’ हा एकच शब्द लावला जातो. दुकानातून माल उचलायचा आणि महिनाभराने त्याचे पैसे देताना दुकानदाराला आधार दिल्याचे सांगायचे, असा हा प्रकार आहे.

पुस्तकांची गुणवत्ता चांगली आहे. दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे स्तंभ शेजारी शेजारी ठेवलेले असल्यामुळे, जे म्हटले होते आणि जे झाले यांतले अंतर निदान मोजता येते. सुधारित अंदाज मूळ अंदाजाच्या पुष्कळ वर गेलेला दिसला तर पुरवणी मागण्यांचे पुस्तक उघडावे, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद 205 खाली वर्षाच्या मधोमध मागितलेला वाढीव पैसा तिथे कारणासह छापलेला असतो. ज्या सवलतीचा खर्च वर्षाच्या पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी अंदाजता येतो, तिच्यासाठी मूळ अंदाजात कमी तरतूद ठेवून उरलेली रक्कम पुरवणी मागणीत आणली गेली असेल, तर तो अंदाज चुकलेला नसून पैसे देणे पुढे ढकललेले आहे, असे मी मानते. पण माझ्या दीड तिकिटापुरते पाहिले तर ही पुस्तके वर्षाचा आकडा सांगतात आणि तिथेच थांबतात.

दुसरी सेवा वित्त विभागाच्या महाकोष संकेतस्थळावरील प्रणालींची आहे. ‘बीम्स’ म्हणजे अर्थसंकल्प वितरण प्रणाली. मंजूर तरतुदीपैकी कोणत्या विभागाला किती निधी वितरित झाला ते ती दाखवते. ‘कोषवाणी’वर कोषागारांतून झालेला खर्च योजनानिहाय पाहता येतो. प्रत्येक योजनेला आठ अंकी संगणक संकेतांक असतो आणि त्याचे पहिले चार अंक प्रधान शीर्षाचे असतात, त्यामुळे 3055 हाताशी असेल तर वाट सापडते. अशी सोय सामान्य नागरिकाला लॉगिनशिवाय मिळावी, ही मला पतसंस्थेतल्या दिवसांत स्वप्नासारखी वाटली असती. आमच्याकडे जिल्हा कार्यालयातून एक आकडा काढायला दोन हेलपाटे पडत. तरीही इथे दिसणारा खर्च म्हणजे कोषागारातून बाहेर पडलेली रक्कम. ती जुलैच्या प्रवासाची होती की मागच्या वर्षीच्या मार्चची, हे त्या आकड्यावर लिहिलेले नसते. पैसा बाहेर पडल्याचा दिवस कळतो, तो देय झाल्याचा दिवस कळत नाही. आणि थकबाकी म्हणतात ती या दोन दिवसांमधल्या अंतराला.

शासन निर्णयांचे संकेतस्थळ ही तिसरी सेवा, आणि पाचांपैकी मला हीच सर्वांत उपयोगी वाटली. प्रत्येक शासन निर्णयाला लांबलचक सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. विभाग, कालावधी आणि विषयातला शब्द देऊन शोधता येते. गृह विभाग निवडून ‘सवलत मूल्य’ किंवा ‘प्रतिपूर्ती’ या शब्दांनी शोधावे. ‘एसटी’ लिहून फारसे हाती लागत नाही, कारण शासनाच्या कागदावर ती नेहमी ‘राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ असते.

शासन निर्णय हा वाङ्मयप्रकार वरवर रटाळ असला तरी त्याची रचना जवळून पाहण्याजोगी असते. आधी ‘वाचा’ या शीर्षकाखाली मागील पत्रांची यादी, मग प्रस्तावना, मग ‘मंजुरी देण्यात येत आहे’ हे वाक्य, त्यानंतर खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची टाकावा, आहरण व संवितरण अधिकारी (निधी काढून वाटणारा) कोण, नियंत्रक अधिकारी कोण, निधी त्याच प्रयोजनासाठी वापरावा, उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे, आणि शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. मी एका रविवारी असे निर्णय छापून घेऊन ओळीने मांडले आणि लाल पेनाने खुणा करीत वाचले. पैसे घेणाऱ्याने काय करावे, हे त्यांत सविस्तर सांगितलेले असते: अमुक प्रमाणपत्र द्यावे, तमुक अहवाल पाठवावा, निधी अन्यत्र वळवू नये. पैसे देणाऱ्यावर एकही मुदत नसते. पुढील हप्ता अमुक तारखेपर्यंत वितरित करण्यात येईल, नाहीतर विलंबाचे व्याज देय राहील, असे वाक्य मला माझ्या गठ्ठ्यात एकदाही भेटले नाही. सर्व अटी खालच्या अंगाला वाहतात.

तरीही ‘वाचा’खालची यादी फार मोलाची असते. महामंडळाने मागणीचे पत्र कोणत्या दिवशी पाठवले, त्याचा दिनांक अनेकदा तिथे असतो, आणि निर्णयाचा दिनांक वर कोपऱ्यात असतोच. ही वजाबाकी कोणालाही करता येते. ती एकदा करून पाहावी, आणि घोषणा ते अंमलबजावणीच्या त्या आठ दिवसांशेजारी ठेवून पाहावी. मी कुठलाही सरासरी आकडा इथे देत नाही, कारण ज्या निर्णयांत पत्राचा दिनांकच नव्हता त्यांना वगळून काढलेली सरासरी खोटी ठरली असती.

मध्येच एक फाटा फोडते, कारण तो या व्यवहाराच्या गाभ्याशी जातो. प्रवासी सरकारकडे थेट भरत नाही असा एक कर त्याच्या एसटीच्या तिकिटात असतो, तो म्हणजे प्रवासी कर. त्याचा कायदा 1958 चा आहे आणि एसटीच्या लांबच्या प्रवासासाठी त्याचा दर 17.5 टक्के आहे. महामंडळ तो गोळा करून शासनाच्या 0042 या जमा शीर्षाखाली भरायला बांधील आहे. म्हणजे एकाच बसमधून सरकारला कर येणे आहे आणि त्याच बसपोटी सरकारचे देणेही आहे. दोन्ही रकमा कागदावर एकमेकींत वळत्या केल्या की त्याला ‘समायोजन’ म्हणतात. हिशेबनीस म्हणून मला समायोजनाचे वावडे नाही. व्यवहार स्वच्छ असेल तर ते सोयीचेच असते. पण दोन्ही बाजू पूर्ण न दाखवता फक्त निव्वळ रक्कम छापली की वाचकाला ना कर किती जमला ते कळत, ना देणे किती होते ते कळत. आमच्या संस्थेत कर्जदाराच्या ठेवीतून हप्ता वळता करून घेतला तरी दोन स्वतंत्र नोंदी कराव्या लागत, आणि लेखापरीक्षक पहिल्यांदा तेच तपासत.

लेखापरीक्षण ही चौथी सेवा, जिच्याकडून माझ्या अपेक्षा सर्वांत जास्त होत्या. 1950 च्या अधिनियमाचे कलम 32 सांगते की महामंडळाने पुढील वर्षाचे अंदाजपत्रक शासनाच्या मान्यतेसाठी सादर करावे. कलम 33 नुसार हिशेब भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात, आणि प्रमाणित लेखे लेखापरीक्षण अहवालासह दरवर्षी शासनाकडे जातात व शासन ते विधिमंडळापुढे ठेवते. वाचताना समाधान वाटते. मात्र ‘दरवर्षी’ यापलीकडे किती महिन्यांत, हे त्या कलमात नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद 151 महालेखापरीक्षकांचे राज्यविषयक अहवाल राज्यपालांकडे द्यावेत आणि राज्यपालांनी ते विधिमंडळापुढे ठेववावेत असे सांगतो. तिथेही दिवसांची मुदत नाही. त्यामुळे अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवण्याची सवय वर्षानुवर्षे टिकून आहे. त्या दिवशी चर्चेला वेळ नसतो आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत तो विषय शिळा झालेला असतो. विधिमंडळाच्या लोकलेखा समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती यांच्यापुढे सचिवांना साक्षीला बसवता येते, हे मोठे सामर्थ्य आहे. पण त्यांच्यापुढे येणारा परिच्छेद बहुधा कित्येक वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचा असतो आणि तेव्हाचे अधिकारी एव्हाना बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेले असतात. वाचनीयतेत मात्र महालेखापरीक्षकांच्या अहवालांना तोड नाही. खर्च झाला पण काम झाले नाही, काम झाले पण उपयोगिता प्रमाणपत्र नाही, निधी मार्चअखेरीस काढून स्वीय प्रपंजी खात्यात (अधिकाऱ्याच्या पदनामाने उघडलेल्या ठेव खात्यात) ठेवला, असे प्रकार ते इतक्या शांत स्वरात मांडतात की रागावण्यासाठी वाचकाला परिच्छेद दोनदा वाचावा लागतो.

याच संदर्भात जून 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी काढलेल्या एसटीच्या आर्थिक स्थितीवरील श्वेतपत्रिकेचा उल्लेख करायला हवा. संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याचे तिच्यातून सरकारनेच सांगितले. असा कागद निघणे ही चांगली गोष्ट आहे, आणि तो निघायला 2021-22 चा अनेक महिन्यांचा संप, एसटीच्या शासनातील विलीनीकरणाची मागणी आणि उच्च न्यायालयातील सुनावण्या उलटून इतका काळ जावा लागला, ही खेदाची. पण संचित तोटा हा आकडा, आमच्या धंद्यातला शब्द वापरायचा तर, ताळेबंदातला आकडा आहे. तो साचलेल्या पाण्याची उंची सांगतो. नळ कोणी आणि केव्हा उघडा ठेवला ते सांगत नाही. त्या तोट्यातला किती भाग महामंडळाच्या स्वतःच्या नादुरुस्त गाड्यांचा, रिकाम्या फेऱ्यांचा आणि चुकीच्या खरेदीचा, आणि किती भाग उशिरा आलेल्या प्रतिपूर्तीमुळे काढलेल्या उधारीचा, ही वाटणी तारखा असल्याखेरीज करता येत नाही. ती होत नाही तोवर दोन्ही पक्ष सुखी असतात: सरकार महामंडळाच्या कारभाराकडे बोट दाखवते आणि महामंडळ सरकारच्या थकबाकीकडे.

मी महामंडळाला इथे निर्दोष ठरवत नाही. प्रत्येक सवलतीचे तिकीट यंत्रातून निघते, त्याची नोंद त्याच रात्री आगारात जमा होते, त्यामुळे कोणत्या दिवशी सरकारकडून किती येणे झाले हे महामंडळाला ठाऊक असणार. मुदतवार येणे-यादी, म्हणजे तीस दिवसांच्या आतले किती, साठच्या आतले किती, नव्वदच्या वरचे किती, ही आमच्यासारख्या छोट्या पतसंस्थेतही दर महिन्याला संचालक मंडळापुढे जात असे. तशी एक पानाची यादी एसटीने दरमहा स्वतःहून प्रसिद्ध केली तर तिला अडवणारे कलम मला त्या अधिनियमात दिसले नाही. मालकाच्या नावाची थकबाकी चारचौघांत लावायला संकोच वाटत असावा.

पाचवी सेवा माहितीच्या अधिकाराची. 2005 च्या या अधिनियमाचे मला विशेष कौतुक आहे, कारण वर सांगितलेल्या साऱ्या व्यवस्थेत दिवस मोजणारा कायदा हा एकच आहे. उत्तरासाठी 30 दिवस, चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज योग्य ठिकाणी पाठवायला 5 दिवस, पहिले अपील 30 दिवसांत करायचे आणि ते 30, फार तर 45 दिवसांत निकाली काढायचे, दुसरे अपील 90 दिवसांत दाखल करायचे, आणि विलंब करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दर दिवशी 250 रुपये, कमाल 25,000 रुपये शास्ती. ज्याने हे लिहिले त्याला हिशेब कळत होता. शिवाय कलम 4 मध्ये, कोणी न मागताही प्रत्येक कार्यालयाने आपले अंदाजपत्रक, केलेले वितरण आणि अर्थसहाय्याच्या कार्यक्रमांतील वाटप केलेल्या रकमा प्रसिद्ध कराव्यात असे आहे. ते कलम मनापासून पाळले गेले असते तर हे परीक्षण लिहिण्याची वेळ आली नसती.

महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क 10 रुपये, विषय एकच हवा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. शब्दमर्यादेवर टीका होते आणि ती रास्तही आहे, तरी माझ्यापुरते सांगायचे तर तिने मला शिस्त लावली. मी चार स्तंभांचा तक्ता मागितला: प्रवासाचा महिना, त्या महिन्याच्या सवलत मूल्याची मागणी शासनाकडे पाठवल्याचा दिनांक, मागणीची रक्कम, आणि रक्कम प्रत्यक्ष जमा झाल्याचा दिनांक. 142 शब्दांत काम झाले. कोणत्या कार्यालयाकडे अर्ज केला ते इथे लिहीत नाही, कारण एका अर्जावरून एका कार्यालयाला झोडपणे न्याय्य होणार नाही आणि दुसऱ्या कार्यालयात वेगळे घडले असते असे मानायलाही आधार नाही. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले. त्यात वर्षाची एकूण रक्कम होती, काही शासन निर्णयांच्या प्रती होत्या, ज्या मी आधीच छापून ठेवल्या होत्या, आणि पुढे एक वाक्य होते: ‘आपण मागितलेली माहिती त्या स्वरूपात या कार्यालयात संकलित केलेली नाही.’ उत्तर मुदतीत, सौजन्याने आणि सहीशिक्क्यानिशी आले, हे मान्य करते. पण ज्या चार स्तंभांची मागणी केली होती त्यांतले दोन तारखांचे होते, आणि नेमके तेच दोन आले नाहीत.

इथे एक गोष्ट मला फार खटकते आणि ती सांगितल्याशिवाय गुणांकनाकडे वळता येत नाही. वेळेवर पैसे न मिळाल्याने धंदा बुडतो, हे सरकारला ठाऊक नाही असे अजिबात नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या कायद्यात छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे लिहिले आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये 10,000 विजेवरच्या बससाठी पीएम ई-बस सेवा मंजूर केली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये 3,435 कोटी रुपयांची स्वतंत्र देयक-सुरक्षा योजना आणली, जिचा हेतू 38,000 हून अधिक ई-बसना आधार देण्याचा आहे. परिवहन संस्थेने बस चालवणाऱ्या कंत्राटदाराचे पैसे थकवले तर या निधीतून ते दिले जातील आणि नंतर संस्थेकडून किंवा राज्याकडून वसूल केले जातील, अशी ती रचना आहे. म्हणजे सार्वजनिक वाहतुकीत देणी थकतात हे धोरण आखणाऱ्यांनी ओळखले, त्यावर तोडगाही काढला, आणि तो तोडगा खासगी कंत्राटदारासाठी उपलब्ध आहे. मला त्या कंत्राटदाराचा हेवा नाही. त्याने बस घेतली, कर्ज काढले, त्याला खात्री हवीच. मात्र सरकारच्याच सांगण्यावरून शून्य रुपयांचे तिकीट फाडणाऱ्या सरकारच्याच महामंडळाला तशी खात्री का नसावी, याचे उत्तर मला पाचही सेवांत कुठे सापडले नाही. प्रवाशाकडून घ्यायचे असते तेव्हा काटेकोरपणा शिल्लक असतो, हेही याच वर्षांत दिसले: 25 जानेवारी 2025 पासून भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तेव्हा दिनांकही ठरलेला होता आणि टक्केवारी दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत मोजलेली होती.

आता गुण. शासन निर्णयांच्या संकेतस्थळाला मी पाचपैकी चार देते. एक गुण कापला तो शोधयंत्राला नेमका शब्द ठाऊक असलेल्यालाच उत्तर देण्याची खोड आहे म्हणून. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांना साडेतीन. कोषवाणी आणि बीम्स यांना मिळून तीन, आणि देयतेचा दिनांक हा एक स्तंभ वाढला तर आनंदाने पाच. लेखापरीक्षणाच्या अहवालांना मजकुरासाठी पाच आणि वेळेसाठी एक. यांची सरासरी काढू नये, कारण उशिरा आलेल्या चोख उत्तराची सरासरी काय काढणार? माहितीच्या अधिकाराला कायदा म्हणून साडेचार देते, आणि माझ्या अर्जाच्या अनुभवासाठी दोन.

ज्यांना मोठ्या रकमांचा ढोबळ अंदाज हवा आहे, त्यांना पहिल्या दोन सेवा पुरेशा आहेत. स्थानिक पत्रकार, प्रवासी संघटना आणि कर्मचारी संघटना यांनी तिसरी सेवा दर आठवड्याला उघडावी, आणि ‘वाचा’खालचे दिनांक वहीत टिपून ठेवावेत, वर्षभरात एका कोणाकडे तरी ती मुदतवार यादी तयार होईल. माहितीचा अर्ज करणाऱ्यांनी माझी चूक टाळावी: तक्ता मागू नये, मागणीपत्रांच्या आवक-जावक नोंदवहीच्या पानांच्या प्रती मागाव्यात. नोंदवही ‘संकलित’ करावी लागत नाही, ती असतेच, आणि तिच्यातला पहिला रकाना तारखेचा असतो.

मी पहिले अपील दाखल केले आहे आणि त्यात आता नोंदवहीच्या पानांचे निरीक्षण मागितले आहे. पहिले अपील निकाली निघायला 45 दिवस हातात आहेत. त्यानंतर गरज पडली तर राज्य माहिती आयोग. दुसरे अपील दाखल करायला नागरिकाला 90 दिवस दिलेले आहेत, पण आयोगाने ते किती दिवसांत निकाली काढावे, हे मी कायद्यात दोनदा शोधले. त्या जागी आकडा नाही.